कागद किती धरतो

स्टीलच्या दोन वाट्या, तोंडाला तोंड लावलेल्या,
मध्ये ताणून बसवलेला तळहाताएवढा प्लास्टिकचा कागद.
खालच्या वाटीत मी सुईनं वायू सोडते.
वरच्या वाटीत काही नाही. अजून काही नाही.
दर तासाला वरून चिमूटभर हवा ओढून
यंत्राला हुंगायला द्यायची.
नोकरी म्हणजे एवढीच: कोण किती गळतं ते लिहायचं.

साधा काळा कागद पहिल्या कॉफीआधीच हरतो.
नव्याच्या पोटात मात्र एक थर आहे
केसाहून बारीक, हट्टी;
आठवडा झाला तरी वरची वाटी जवळजवळ कोरी.
कंपनीचा माणूस खूश. म्हणतो, आता निम्म्या वायूत भागेल.
भागेलही. आकडे माझेच आहेत.

फिदेन्सिओ, माझा बाप, बावीस वर्षं
सांता मारियाच्या स्ट्रॉबेरीच्या रानात ट्रॅक्टरमागे चालला,
फावड्यानं कागदाची कड मातीत पुरत.
घरी आला की जॅकेट गॅरेजातच काढायचा,
तरी स्वयंपाकघरात आम्हां सगळ्यांचे डोळे वाहायचे.
"कांदा," आई म्हणायची,
आणि कांदे टोपलीत अख्खे.

रविवारी फोनवर त्याला सांगितलं: नवा धरतो, आपा.
वारा लावून पाहिलास?
नाही.
उन्हात तापवून? यंत्रानं ओढून पातळ झालेला?
डिंकाचा जोड दुपारी तीनला कसा उकलतो,
रात्री कोल्हा सरीवरून कसा सरळ चालत जातो,
एकेका पावलाला चार-चार भोकं?
मग जरा थांबून:
आणि नवव्या दिवशी कापायला कोण जातं?

धरलेलं कुठे जातं
याला आमच्या तक्त्यात रकाना आहे,
"सुरी लागल्यानंतर".
मातीला जिरवायला वेळ दिला तर आकडा लहान,
घाई केली तर मोठा.
घाई कोण करतं, याला रकाना नाही.

आज एक जाड पाकीट आलं. आत चुलतभाऊ एरास्तोनं
रानातून कापून पाठवलेला तुकडा,
त्यावर वाळल्या चिखलाचा पंजा, नखांसकट.
चिखल न पुसता वाट्यांमध्ये बसवला.
यंत्रानं पहिल्याच हुंगण्यात सुई टोकाला नेली.

नमुन्याचं नाव, असं विचारणारी ओळ होती.
बराच वेळ पेन हातात.
मग लिहिलं: कोल्हा.