पाण्याची पाळी

ओशच्या पलीकडे, जिथे एकाच पाटावर
दोन भाषांतली शेतं भिजतात,
तिथे त्या रात्री फोन वाजू लागले:
"त्यांनी आपली पोरगी उचलली."
कुणाची, ते कुणी विचारलं नाही.
पोरांनी आधी पेट्रोलचे डबे भरले.

असं एकाएकी होत नाही हो.
आधी पाटाचं दार दोन बोटं जास्त उघडतं.
मग शाळा वेगळ्या. कचेरीत
एकाच गोताची माणसं खुर्च्या धरतात,
तंदूरवरचा नान "त्यांचा" म्हणून घशात अडतो,
आणि आपण म्हणतो, चालायचंच.

बुरुल अनवाणीच निघाली.
पाट ओलांडून मावजुदाचं दार ठोठावलं:
"कुठली पोरगी? नाव सांग."
नाव नव्हतंच.
दोघी पुलावर बसल्या, मधे थर्मास.
पोरं आली, आयांना ओळखून थबकली.
तरी एक डबा पेटलाच.
तोलोगोनचा गोठा गेला, आत गाभण गाय होती.
त्याचा जाब अजून बाकी आहे.

आता दर शुक्रवारी दोघी
पाटाच्या दाराची बोटं मोजतात,
मोठ्यानं, दोन्ही भाषांत.
गेल्या खेपेला अर्ध्या बोटावरून
कडाकडा भांडल्या,
मग चहा कुणाकडे, यावरूनही.