दोरी नसलेलं कटर

यावलला, बसस्टँडच्या मागे,
फेगडेंच्या मशिनरीच्या दुकानात
काउंटरवर दोन कटर शेजारी-शेजारी ठेवली.
एक नारिंगी, ओळखीचं, पेट्रोलचं.
दुसरं हिरवट, जत्रेतल्या खेळण्यासारखं.
त्याला दोरीच नव्हती.

"मग ओढायचं काय?"
"काहीच नई ओढायचं, कलिंदरभाऊ. बटन दाबा फक्त."

बावीस वर्षं मी दोरी ओढत आलो.
थंडीत सात वेळा, उन्हात तीन.
चोक, एक शिवी, मग धूर.
पाण्याच्या बाटलीत लिटरला चाळीस मिली टू-टी,
माप लागत नाही, रंगावरून कळतं.
डावा कान त्यातच गेला.
उजव्या हाताची दोन बोटं पहाटे पांढरी पडतात,
आणि चहाची बशी धरली
की बशीत मशीन चालूच असतं.

फेगडे सांगत होते, धूर नई, प्लग नई, कटकट नई.
मी हिशेब करत होतो.
आमच्या शिवारात वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री.
सोबत बॅटरी एकच. दुसरी हवी तर नऊ हजार वर.
कवेत न मावणारी चिंच असली,
निम्म्यात बॅटरी बसली
आणि सगळा भार पात्यावर आला, तर?
पेट्रोल संपलं तर पोराला पंपावर पिटाळतो.
वीज आणायला कुणाला पिटाळू?

आणखी एक होतं, ते दुकानात बोललो नाही.
पेट्रोलचं सुरू झालं की शिवाराला कळतं.
खारी उतरतात, सुगरणी उठतात,
ढोलीतला पिंगळा तोंड बाहेर काढून बघतो,
केळीच्या बागेपलीकडून वनरक्षक गाडी वळवतो, परवाना मागतो.
हे हिरवं म्हणजे
न खाकरता घरात शिरणारा पाहुणा.

"घ्या बा," नामदार म्हणाला.
का म्हणाला, ते दोघांनाही माहीत होतं.
उन्हाळ्यात डोंगरकठोऱ्याला निंब उलटा फिरला.
तो मागून ओरडला, तीनदा म्हणे.
मी कापत होतो.
फांदी खांद्याला घासून गेली.
घासून. तेवढंच.

घेतलं.

पहिली बाभूळ कोलत्यांच्या बांधावरची.
कुऱ्हाडीच्या तुंब्यानं बुंध्यावर तीन ठोके दिले
आणि बिडीभर वेळ थांबलो.
एक होला उडाला. दुसरा उडाला.
मग बटन.

भुसा वाळक्या पाल्यावर पडतो
त्याला आवाज असतो, हे मला माहीत नव्हतं.
लाकूड आत कुठेतरी आधी कुरकुरतं,
मग करकरतं, आणि मधे थोडं गप्प बसतं.
तेही माहीत नव्हतं.
आणि जवळच कुणीतरी पुटपुटत होतं,
सरक बाई, इकडं नको, तिकडं माती मऊ आहे,
झालं, झालं, थोडंच ऱ्हायलं...

बटन सोडलं. वळून पाहिलं.
बांधावर नामदारशिवाय कुणी नव्हतं, आणि तो हसत होता.
"तुम्हीच ते, बा.
दर झाडाला बोलता.
लहान होतो तेव्हापासून नुसते ओठ बघत आलो,
शब्द आज ऐकले."

मी काही म्हणालो नाही.
काय म्हणणार, सगळं म्हणून झालं होतं.

दोन बोटं लाकूड उरलं
आणि दिवा लाल झाला.
फेगडेंना एक शिवी हासडून
बारदानातून जुनं कटर काढलं.
चौथ्या ओढीला लागलं.
धूर, थरथर, सगळं जागच्या जागी.
त्या गदारोळात मी मुद्दाम
तोंड मिटून कापायचं ठरवलं.

जमलं नाही.