एकास दोनशे

कांजूरला, मोठ्या पाइपलाइनच्या पलीकडे
जे स्टेडियम बांधलं गेलं नाही
त्याच्या सगळ्या पायऱ्या मी मोजल्यात.
एकतीस. वर पत्र्याचं छप्पर होतं,
ते खर्चकपातीत
दुसऱ्याच मीटिंगला उडालं.

मी तेव्हा ट्रेसर, रोजंदारीवर.
अमोनियानं डोळे चुरचुरायचे, प्रिंट ओलसर हातात यायची,
आणि तिच्यावर नव्वद फुटांचा चौकोन
टोकावर उभा, शंकरपाळ्यासारखा.
कर्णिक साहेब म्हणाले, हे तिरकं का? सरळ बसव.
म्हटलं, साहेब, बेसबॉलच तसा.
जीव तोडून पळायचं
आणि निघालो तिथंच परत यायचं.
म्हणजे आपल्या फायलीसारखं, साहेब म्हणाले
आणि सही केली.

त्या चौकोनात आणखी एक चौकोन होता,
साठ फुटांचा, तुटक रेषेनं.
तो काढायला कुणी सांगितलं नव्हतं.
मुलींच्या सॉफ्टबॉलसाठी,
म्हणजे खरं तर हेमलतासाठी.
माझी बहीण. कॅचर. करंगळी दोनदा मोडलेली.
खेळायची शाळेच्या पटांगणात, रविवारी,
तेही क्रिकेटवाले उठले तर.

थर्माकोलचं मॉडेल केलं, एकास दोनशे,
वॉर्ड ऑफिसच्या जिन्याखाली काचेच्या पेटीत.
भूमिपूजन झालं. कोनशिला बसली,
तिच्यावरचं नाव एकदा बदललं,
मग कोनशिलाच कुणी धुणं आपटायला नेली.
पेटीची काच फुटली त्या वर्षी
मांजरीनं पिचरच्या उंचवट्यावर चार पिल्लं घातली.
शिपाई गोताड म्हणाला,
चला, उद्घाटन झालं एकदाचं.

आरक्षण अजून आहे म्हणतात, नकाशात हिरवं.
जागेवर कुठल्याशा पुलाचे गर्डर रचून ठेवलेत
आणि कडेला नौशादचं पंक्चरचं दुकान.

मागच्या महिन्यात हेमलता आली कर्जतहून,
गुडघ्याच्या डॉक्टरकडे. येताना तिला तिथं नेलं.
पावलं मोजत दाखवलं: हा पहिला बेस,
तो टँकर उभा आहे तिथं लेफ्ट फिल्ड,
आणि इकडे, शेडच्या अंगाला, फ ओळ, चौदा नंबर.
त्या खुर्चीवर मी नकाशात
पेन्सिलीनं बारीक 'हे' लिहिलं होतं.

ती बघत राहिली. म्हणाली,
खुर्ची कशाला रे? मी आत नव्हते?

छत्तीस वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.
तुटक रेष मीच काढली होती तिच्यासाठी
आणि तिला बसवलं होतं
टाळ्या वाजवणाऱ्यांत.

मग ती होम प्लेटवर गेली,
म्हणजे नौशादच्या त्या टबाशी, जिथं तो
ट्यूब बुडवून बुडबुडे शोधतो.
पिशवी खाली ठेवली. साडी खोचली.
डॉक्टरनं आत्ताच बजावलं होतं, तरी
उकिडवी बसली. गुडघा कट्कन वाजला,
नौशादनंही मान वर केली.
डावा पंजा उघडा, करंगळी वाकडी.

टाक, म्हणाली.

माझ्याकडे काय असणार? रुमाल, चष्म्याचं घर,
तिच्या एक्स-रेचं पाकीट.
नौशादनं जुन्या ट्यूबची पट्टी घेतली,
गुंडाळी केली, वरून रबर चढवला,
न विचारता माझ्या हातात दिली.

मी मागं सरलो.
चाळीस फूट.
अंदाजानं नाही, मोजून.