सदृश

सावद्याहून रोज रात्री आठच्या आत
जळगावला बातम्या पाठवतो मी. सहा वर्षं झाली.
त्या दिवशी काहीच नव्हतं,
बसस्टँडवर भांडणसुद्धा नाही.
सायबू तडवी म्हणाला, केळीत ठसे दिसले.
कशाचे?
"ठसे व्हते, भो. पाय निघून गेल्यावर काय सांगू?"

मी लिहिलं : बिबट्यासदृश प्राणी.
डेस्कवरच्यानं 'सदृश' कापलं, जागा कमी पडत होती.
सकाळी मथळ्याखाली बिबट्या पुरा उभा,
कुठल्या तरी लांबच्या जंगलातला, दात दाखवत.

दुपारपर्यंत लोटनच्या सलूनमध्ये
त्याला दोन पिल्लं झाली.
संध्याकाळी वनखात्याचा माणूस घरी आला.
खरं काय ते विचारत होता.
मी म्हणालो, पेपरात आलंय की.

रात्री लाईट एक वाजता आली.
मोटर चालू करायची होती.
एक चप्पल पायात, एक हातात,
दारातच उभा राहिलो मी,
ज्याला अख्ख्या तालुक्यात एकट्याला ठाऊक होतं
की आत आहे फक्त ओला चिखल
आणि चार ओळींची रिकामी जागा.
कुंदा म्हणाली, जाऊ नका. छापून आलंय.
कडी लावली. धीरसदृश काही पुटपुटलो.

पाणी सायबूनं दिलं, एकट्यानं.
त्याच्यापर्यंत पेपर पोचतो तो भाकरीभोवती.
बांधावर त्यानं उलगडला तेव्हा
तेलात बिबट्याचा जबडा आरपार दिसत होता.

"रात्री फिरून ठसे व्हते. ताजे. मोठ्ठे."

मी जळगावला फोन लावला.
बिबट्या जुना झाला, म्हणाले,
दुसरं काही बघ.