वीस चौकटी

म्हापशाच्या आमच्या थेटरात तो इंग्रजी पिक्चर
नऊ दिवस टिकला.
शुक्रवारी बाजारकरणी रिकाम्या टोपल्यांसकट आत शिरल्या.
शब्द कळला नाही, तरी उठल्या नाहीत;
वर पंखे होते.

मी सतरा वर्षांचा, ऑपरेटरच्या हाताखाली.
मांद्रेकर मास्तरांनी पहिल्याच रात्री सांगून ठेवलं:
फिल्मवर आवाज त्या त्या तोंडाशेजारी नसतो,
वीस चौकटी पुढे छापतात.
आवाज पोचतो, बाबा. माणूस मागून येतो.

पडद्यावर विलायतेतला एक दूध टाकणारा पोर
गिटार घेतो, बघता बघता मोठा होतो, इतका
की स्वतःच्या आईच्या दारात त्याला
पोलिसांच्या कड्यातून शिरावं लागतं.
सहाव्या रिळात पांढरी खोली, वाजणारा फोन,
आरशात बघून तो हसतो.
नेमकी तिथेच प्रिंट तुटायची.
मास्तर ब्लेडने दोन-तीन चौकटी छाटत,
सिमेंट लावून फुंकर घालत.
खाली काळोखात शिट्ट्या, आमच्या आयांचा उद्धार.

सोमवारपर्यंत हसू अर्ध्यावर आलं.
गुरुवारी तो नुसताच आरशाकडे वळायचा.
शेवटच्या खेळाला फोन वाजला
आणि एकदम अँब्युलन्स.

झेफेरिन रोज मॅटिनीला. गिरीच्या पोदेराचा थोरला.
सायकल बाहेर, पावांची टोपली मेणकापडाखाली.
शनिवारी कळंगुटला वाजवायचा, आणि कुणी गोरा
त्याला कार्ड देऊन गेलाय
हे त्याच्या आईच्या आधी बार्देसभर झालं होतं.
त्या रात्री तो जिना चढून वर आला.
"किदें कापलें रे तुमी?"
मी बिस्किटांचा डबा उघडला.
एकेक तुकडा त्याने बल्बसमोर धरला.
"हांगा हांसता," म्हणाला,
आणि न विचारता एक उचलून खिशात घातला,
कार्डाच्याच खिशात.

मे महिन्यात तो गेला.
लंडनला, म्हणतात. बोटीवर कुकच्या हाताखाली, असंही म्हणतात.
एक रेकॉर्ड निघाली म्हणे;
ती ऐकलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

पाव आता त्याचा धाकटा भाऊ टाकतो.
भोंगा आधी ऐकू येतो, चिंचेच्या वळणापलीकडून.
सायकल मागून.
काही वर्षं मी दारात उभा राहून
वीसपर्यंत मोजायचो.