तिसरा दिवा

होटगी रोडच्या धावपट्टीकडे तोंड करून
चाकं खाली सोडली, तेव्हा
दोन दिवे हिरवे झाले.
तिसरा नाही.

कॅप्टन फालेरो काहीच बोलले नाहीत.
त्या काळ्या ठिपक्यावर बोटानं दोनदा टकटक केलं,
आई सुपाच्या कडेवर करते तशी,
विडी वळताना तंबाखू झटकायला,
आणि म्हणाले, "वर."

इंजिनांनी आवाज बदलला. नाक उचललं.
एमआयडीसीचे पत्रे, ज्वारीची रानं,
कारखान्याची चिमणी होती ती मोकळी जागा
(पाडून टाकली, तरी माझी नजर अजून
तिला वळसा घालूनच जाते)
सगळं पुन्हा लहान झालं.
चाकं तशीच राहू दिली, लोंबती.

नानांच्या मागावर एक धागा तुटला
की माग आपोआप थांबायचा.
मला वाटायचं, बिघडला.
"बिघडला नाही गं, सांगतोय,"
असं म्हणत नाना वाकायचे,
हजार धाग्यांतून तो एक
बोटांनीच शोधायचे, डोळे भलतीकडे.

इथं थांबता येत नाही.
चालत्या मागातच धागा शोधायचा,
आणि मागे चौसष्ट माणसं,
त्यांच्या मांडीवर काजूचे पुडे,
एकाचा फोन मघापासूनच चालू.

मी पुस्तिका उघडली.
मोठ्यानं वाचायचं, एकेक ओळ,
उत्तर आल्याशिवाय पुढची नाही.
घाई असेल तर आणखी हळू.
दांडा खाली? खाली.
दाब? ठीक.
डोक्यावरच्या पट्टीवरचे दिवे?
मान वर केली. ऊन थेट काचेतून येत होतं,
काही दिसेना.
तळहाताची सावली धरली.
एक. दोन.
तीन.

म्हणजे पाय घट्ट आहे आणि दिवा खोटा,
की तो दिवा खरा आणि हा भाबडा?
पुस्तिका म्हणते, वरच्यावर विश्वास ठेवा.
पुस्तिकेला पोट नसतं.

टॉवरवरून खाली जाताना विचारलं,
"चाकं दिसतात का?"
तिकडून खणखणीत सोलापुरी हेल,
"तिन्ही दिसतेत की मॅडम,
पण कुलूप लागलंय का नाही
ते मी हितनं कसं सांगू?"
मला हसू आलं. फालेरोंना मराठी येत नाही,
तरी तेही हसले.

"घोषणा तू कर," म्हणाले, "गाव तुझं आहे."
मी बटण दाबलं.
काय बोलले ते आता नीट आठवत नाही.
एका दिव्याची खात्री करून घेतोय, असं काहीतरी.
दिव्याची, म्हटलं. चाकाची नाही.
हे खोटं होतं का, अजून ठरलेलं नाही.

सिद्धेश्वर तळं डाव्या पंखाखालून गेलं.
लाल बंब धावपट्टीच्या कडेला
अंगठ्याच्या नखाएवढा.
मागची चाकं टेकली.
पुढचं नाक फालेरोंनी जितका वेळ धरवेल
तितका वेळ वर धरलं,
झोपलेल्या पोराची मान उशीवर ठेवतात तसं,
मग ठेवलं.

काही झालं नाही.
खडखड, रबराचा वास, आणि कोणीतरी
एकट्यानंच टाळी वाजवली.

इंजिनिअर चिलवेरीनं दिवा काढून माझ्या हातावर ठेवला.
ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, आत तार तुटलेली.

रात्री विडी घरकुलात
नाना जेवणावरून उठले, हात धुतले, पुसले,
मग तो चिमटीत घेतला.
ट्यूबलाइटपुढं धरून बघितला.
कानाशी नेऊन हलवला,
सगळ्याच यंत्रांना ते असं हलवतात.
"तुम्ही खाली आला नाहीत, ह्याच्यामुळं?"
"एक चक्कर जास्त मारली."
"मग बरंय. न सांगता चालत राहतो ना माग,
तेव्हा अख्खी चादर जाते."

आईनं पंचवीस विड्यांचा कट्टा बांधला,
न मोजता, आणि मग मोजला.