परतीची नळी

जॅमची बरणी तिने काउंटरवर ठेवली.
आत पितळेचा एक तुकडा,
करंगळीच्या पेराएवढा, आटे झिजलेले,
आणि तळाशी दोन बोटं काळपट लाल तेल.
"वास घ्या," ग्रासियाना इरिगोयेन म्हणाली.
घेतला. करपलेला पाव.
गिअरबॉक्स मेलेला नव्हता,
पण त्याने अंथरूण धरलं होतं.

एल्को गावात बावीस वर्षं मी गाड्यांचे भाग विकतोय.
लोक येऊन भाग मागत नाहीत,
गाऱ्हाणं सांगतात.
भाग त्यातून आपण शोधायचा.

ट्रक चौऱ्याण्णव सालचा.
मागे जोडलेली मेंढपाळाची चाकांवरची खोली:
चूल, पलंग, दोन कुत्री, पंधरवड्याचं पीठ.
रूबीच्या चढावर काटा तांबड्यात शिरतो.
म्हणून भावाने कूलर आणला होता, बेन्यातने.
हिवाळ्यात बसवायला घेतला. अर्धा बसवला.
"आणि मग?"
"मग मार्च आला," म्हणाली,
आणि बरणीचं झाकण घट्ट केलं,
होतं त्याहून घट्ट.

नंबर टाकला. पडदा म्हणाला: उत्पादन बंद.
दुसरा नंबर. आटा वेगळा.
तिसरा पितळेचा म्हणून पाठवला त्यांनी,
डब्यातून निघालं मुलामा दिलेलं लोखंड.
विनमुका, ट्विन फॉल्स, सगळीकडे फोन केले;
सगळे गोड बोलले,
कुणाकडेच नव्हता.

रविवारी वेल्सला गेलो, लेम्युएलच्या भंगारात.
मला कुणी सांगितलं नव्हतं. बायको तर म्हणालीच,
गिऱ्हाईक एक, डॉलर नऊ, आणि पेट्रोल?
बर्फात गुडघाभर रुतलेल्या गाड्या,
त्यातला एक तसाच ट्रक,
इंजिनावर सशाने घर केलेलं.
तेल मारलं, थांबलो, कॉफी प्यायलो,
पान्हा लावला.
पहिला जोड सुटला, अगदी शहाण्यासारखा.
दुसरा तुटला. अर्धा आत राहिला.
हिवाळ्याची हवा, त्यात मी शिवी दिली,
ती वाफ होऊन बराच वेळ तिथेच होती.

दुसरा वाईपुलूने कातला.
खाणीच्या होज-शॉपमध्ये, जेवणाच्या सुट्टीत,
पहिला समोर ठेवून, एक डोळा मिटून.
पैसे घेईना. म्हणाला,
ऑगस्टमध्ये कोकराची एक तंगडी, बस.
मी ग्रासियानाच्या वतीने हो म्हणून टाकलं.

शुक्रवारी ती आली. दुकानामागेच, पुठ्ठा अंथरून
स्वतः आत शिरली, एकाहत्तर वर्षांची.
मी नुसता हत्यारं देत होतो.
पेट्रोलची नळी चालत नाही, हे तिला ठाऊक होतं.
क्लॅम्प किती आवळायचा, तेही.
"कुणी शिकवलं?"
"मेंढ्यांनी," आतून आवाज आला.
"अडलेल्या मेंढीला ओढायचं नसतं,
तिच्या कळेबरोबर हात पुढे न्यायचा."

कूलर धरणारी पट्टी बेन्यातने घरीच कापली होती.
तिच्यावर पेन्सिलीने एक बाण.
हे वर.
ग्रासियानाने ते बोटाने पुसलं नाही,
आणि पट्टी अशी लावली
की बाण आतल्या बाजूला राहावा,
रस्त्यावरची माती लागणार नाही तिकडे.

आता प्रश्न राहिला एकच:
दोन नळ्या, त्यातली जाणारी कुठली, येणारी कुठली?
पुस्तकात एक सांगितलंय, त्या ट्रकात दुसरंच असतं.
"गाडी चालू करा," म्हणाली.
मी केली.
ती बोनेटखाली वाकली, दोन्ही नळ्यांवर दोन हात.
एक मिनिट. दोन.
डावा हात झटकन उचलला. "ही जाते."

उजवा तिथेच राहिला.
मी म्हटलं, कळलं आता, बंद करू का?
मान हलवली. नको.
गरम असेल ना?
"आहे," म्हणाली, "पण सोसवतंय."
पार्किंगमध्ये इंजिन नुसतंच घुरघुरत राहिलं,
कुत्री खोलीच्या दारात उभी,
आणि बिल माझ्या हातात:
नळी चार फूट, क्लॅम्प चार, तेल सहा बाटल्या.
जोड दोन, त्यापुढे काही लिहिलं नाही.